इसबगोल तपासायचंय? मग आधी पाणी मोजा

समजा, बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांमध्ये तुम्हाला एक अभ्यास करायचाय: इसबगोलाने बद्धकोष्ठता कमी होते का? प्रश्न साधा वाटतो ना? प्रस्ताव लिहायला बसा, म्हणजे तो कुठे अडतो ते कळेल.

आधी इसबगोल नेमकं करतं काय? चमचाभर भुसी पेलाभर पाण्यात टाका आणि दहा मिनिटांनी बघा. ती फुगून बुळबुळीत जेल झालेली दिसेल. हे जेल लहान आतड्यात पचत नाही आणि मोठ्या आतड्यातले जिवाणूही त्याला फारसं आंबवत नाहीत. त्यामुळे त्याने धरलेलं पाणी शेवटपर्यंत मलात टिकतं आणि कडक मल मऊ होतो. इन्युलिन मात्र जिवाणू झटपट आंबवतात. त्यातून गॅस होतो, पाणी धरलं जात नाही. म्हणून प्रस्तावात नुसतं ‘फायबर’ लिहू नका, कोणतं ते लिहा.

आता बीडकडे या. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, त्यातले बहुतेक न विरघळणारे. त्यामुळे दोन्ही वेळा भाकरी खाणाऱ्या बाईला तंतू कमी पडतात, हे गृहीत धरता येत नाही. मग कमी काय पडत असेल? कदाचित पाणी. ऊसतोडीला गेलेली जोडपी महिनोन्‌महिने फडात राबतात. जवळ शौचालय नसलं की बाई पाणीच कमी पिते आणि वेग आला तरी दाबून धरते. या दोन्हींनी मल कडक होतो.

अशा बाईला नुसती भुसी देणं धोक्याचं आहे. पुरेशा पाण्याशिवाय ती घशात किंवा आतड्यात अडकू शकते. म्हणून प्रत्येक मात्रेबरोबर पेलाभर, साधारण २४० मिलिलिटर, पाणी घ्यायला सांगतात.

खरी मेख इथेच आहे. इसबगोलाच्या गटाला रोज दोन पेले जादा पाणी मिळालं, तुलनेच्या गटाला नाही मिळालं, आणि फरक दिसला; तर श्रेय कुणाला द्यायचं? दोन्ही गटांना सारखंच पाणी द्या. एकूण किती पाणी पोटात गेलं आणि शौचालय किती लांब होतं, हेही नोंदवा. परिणाम मोजायला १९९७ सालचा ब्रिस्टल तक्ता वापरता येईल. त्यात मलाचे ७ प्रकार चित्रांनी दाखवलेत, त्यामुळे वाचता न येणाऱ्या बाईलाही बोट ठेवून सांगता येतं. शौचातून रक्त जात असेल किंवा वजन उतरत असेल, तर तिला अभ्यासात घेऊ नका, आधी डॉक्टरकडे पाठवा.

२०२३ मध्ये अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या दोन संघटनांनी जुनाट बद्धकोष्ठतेसाठी तंतुमय पूरकांची शिफारस केली. तपासलेल्या पूरकांत इसबगोलच परिणामकारक दिसतं, असंही त्यांनी म्हटलं. पण पुराव्याची खात्री मात्र ‘कमी’ अशीच नोंदवली. म्हणजे काम शिल्लक आहे. फक्त भुसीचं पाकीट उघडण्याआधी हंड्यात पाणी किती आहे, ते बघून घ्या.