चष्मा, कोमट दूध आणि कानातला मळ

न्यूमोनियासाठी दाखल केलेले ऐंशीचे आजोबा. ताप उतरलाय, श्वास सुधारलाय. आणि तिसऱ्या रात्री दोनला ते उठून बसतात, सलाईन ओढू लागतात, 'गुरं सोडायची राहिली' म्हणतात. समोरच्या मुलाला ओळखत नाहीत.

जुनी माणसं याला 'वात झाला' म्हणायची, डॉक्टर डिलिरियम म्हणतात. वर्षानुवर्षं सरकत येणाऱ्या स्मृतिभ्रंशाहून हा वेगळा. काही तासांत, फार तर दोन-चार दिवसांत उपटतो, सकाळी ओसरतो, रात्री पुन्हा चढतो. उतारवयात मेंदूची गंगाजळी आटलेली असते. ताप, जागरण, शरीरातलं पाणी कमी होणं, एखादं नवं औषध, असं एकावर एक आलं की ती पुरत नाही.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉ. शेरॉन इनोये यांनी यावर जे करून पाहिलं, ते वाचताना मी थक्क झाले. सत्तरी गाठलेले 852 रुग्ण. त्यांतल्या निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर मिळालं काय? डोळ्यांवर चष्मा. कानातला मळ काढणं. वेळेवर पाणी. दिवसातून तीनदा चार पावलं चालवणं. फळ्यावर आजचा कार्यक्रम आणि देखभाल करणाऱ्यांची नावं. जुन्या आठवणींच्या गप्पा. रात्री झोपेच्या गोळीऐवजी कोमट दूध आणि पाठीला मालिश. वॉर्डात गोळ्या कुटायची यंत्रंसुद्धा बिनआवाजाची आणली, म्हाताऱ्यांची झोप मोडू नये म्हणून!

1999 मध्ये निष्कर्ष छापून आले. नेहमीच्या वॉर्डात 15 टक्के रुग्णांना डिलिरियम झाला, इथे 9.9 टक्क्यांना. नवं औषध एकही नाही. मात्र एकदा वात झाल्यावर या उपायांनी त्याचा जोर फारसा कमी झाला नाही. म्हणजे जे करायचं ते पहिल्या दिवसापासून.

येलमध्ये हे करायला स्वयंसेवक तयार करावे लागले. आपल्याकडे खाटेजवळ घरचं माणूस असतंच. रात्री कोण थांबणार हे आधी ठरतं. पण 'हरवेल' म्हणून चष्मा घरी ठेवतो आणि कानाचं यंत्र कपाटात, तेही आपणच. आजोबांना मग छत धूसर दिसतं, नर्सचं बोलणं ऐकू येत नाही, आणि दिवस की रात्र हे सांगणारं काहीच उरत नाही.

डिलिरियमचं एक शांत रूपही आहे, आणि तेच जास्त निसटतं. रुग्ण बडबडत नाही, नुसता गुंगीत पडून राहतो. सगळ्यांना वाटतं, बरं झालं, विश्रांती घेतायत. इनोये यांनीच 1990 मध्ये डिलिरियम ओळखण्याची पद्धत बसवली. तिचा पहिलाच प्रश्न असा, की माणूस एरवीपेक्षा अचानक बदललाय का? एरवीचा माणूस केसपेपरवर नसतो. तो माहीत असतो स्टुलावर बसून रात्र काढणाऱ्या सुनेला. राउंडला आलेल्या डॉक्टरांना ती म्हणते, "आमचे बाबा असे नाहीत हो."