सांडपाण्याचं रसायन : ६. क्रोमच्या पाण्यात लोखंडी पत्रे

मागच्या आठवड्यात चुना टाकून धातूंचा गाळ बसवण्याची पद्धत पाहिली. निकेल, जस्त, तांबं तिला दाद देतात. क्रोम प्लेटिंगचं पिवळं पाणी देत नाही. त्यातलं क्रोमियम सहा संयुजेचं असतं आणि चुना कितीही ओतला तरी क्रोमेटच्या रूपात विरघळलेलंच राहतं. कर्करोगाला कारण ठरणारं क्रोमियम ते हेच. आधी ते तीन संयुजेवर उतरवायचं, मगच त्याचं हायड्रॉक्साइड होऊन तळाशी बसतं.

भोसरी किंवा वाळूजच्या प्लेटिंग शॉपमध्ये हे काम बहुधा सोडियम मेटाबायसल्फाइटवर सोपवलेलं असतं. आम्ल घालून पीएच दोन-तीनवर आणा, मेटाबायसल्फाइट टाका, मग कॉस्टिकने पीएच साडेआठच्या आसपास न्या. आम्ल विकत आणायचं आणि ते मारायला अल्कलीही विकतच. पाण्यात क्षार वाढतात ते वेगळंच.

विजेची वाट अशी : टाकीत लोखंडाचे पत्रे उभे करून त्यांतून डीसी करंट सोडायचा. धन ध्रुवाचा पत्रा झिजतो आणि फेरस आयन पाण्यात उतरतात. तीन फेरस आयन मिळून क्रोमियमच्या एका अणूला तीन इलेक्ट्रॉन देतात आणि स्वतः फेरिक होतात. ऋण ध्रुवावर हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात, हायड्रॉक्साइड तयार होतं, आणि लोखंड व क्रोमियम दोन्ही एकत्र गाळात जातात. पाणी आधी आम्लधर्मी करावं लागत नाही. खरं तर यात क्रोमियमला आवरतं ते लोखंडच. विजेचं काम ते मोजून देण्याचं.

आणि हे मोजमाप फॅरडेच्या नियमाने कागदावरच करता येतं. एक ग्रॅम क्रोमियमला सुमारे ३.२ ग्रॅम लोखंड आणि ३.१ अँपिअर-तास लागतात. लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्रोमियम असलेल्या हजार लिटर पाण्याला झाले १६० ग्रॅम लोखंड आणि १५५ अँपिअर-तास. पाच व्होल्टवर ही जेमतेम पाऊण युनिट वीज. प्रत्यक्षात जास्त लागते, कारण पाण्यातला ऑक्सिजन काही फेरस आधीच खाऊन टाकतो. शिवाय पत्र्यांवर थर चढतो, व्होल्टेज वाढतं. म्हणून ध्रुव अधूनमधून उलटवावे लागतात. नदीत सोडायच्या पाण्याला मर्यादा आहे लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमची, तेव्हा शेवटच्या थोड्याशा क्रोमियमसाठीही हात आखडता घेऊन चालत नाही.

गाळ मात्र उरतोच. तो घातक कचराच. महाराष्ट्रात त्याची रवानगी तळोजा किंवा रांजणगावसारख्या ठिकाणी.

निकेलचं तसं नाही. ते थेट ऋण ध्रुवावर धातू म्हणून चढवता येतं आणि गाळाऐवजी विकण्याजोगा पत्रा हाती येतो. पण त्यासाठी यंत्र बसवायची जागा चुकता कामा नये. प्लेटिंगनंतरच्या पहिल्या धुण्याच्या टाकीत निकेल ग्रॅमच्या हिशेबात असतं. तिथेच ते पकडावं, असं माझं स्पष्ट मत आहे. अनेक कारखान्यांचं पाणी मिसळून सामायिक केंद्रात पोचेपर्यंत ते मिलिग्रॅमवर येतं, आणि मग बहुतेक वीज पाण्याचं विघटन करण्यातच जाते. तिथे आयन-विनिमयाची रेझिन्स लागतात. त्यांच्याकडे पुढच्या आठवड्यात वळू.