आकारमानाप्रमाणें

चाळीस वर्षें मुलांस अमरकोश शिकवितांना वारिवर्गांतील मत्स्यनामें आम्हीं शेंकडों वेळां म्हणवून घेतलीं. झष, मीन, शकुल, रोहित, मद्गुर. त्यांपैकीं एकाचीही प्रत्यक्ष ओळख मात्र आम्हांस नव्हती. घराणें पूर्वापार शाकाहारी, तेव्हां ती व्हावी कशी? आमची धाकटी सून मालवणकडील सारस्वत. मासळी हें तिच्या माहेरचें रोजचें जेवण. आमच्या घरीं आल्यापासून नऊ वर्षें तिनें स्वयंपाकघरांत त्याविषयीं शब्द काढला नाहीं, व आम्हींही कधीं विचारलें नाहीं. यासच आम्ही इतके दिवस घरांतील एकोपा समजत होतों.

गेल्या पौषांत तिच्या वाढदिवशीं चिरंजिवांनीं मुंबईच्या कोट भागांतील एका उंची उपाहारगृहांत जावयाचें ठरविलें. मासळीकरितां तें नांवाजलेलें आहे. "अण्णा, तुम्ही आलांत तर मला बरें वाटेल," एवढेंच ती म्हणाली. आमच्या कुटुंबाचें डोकें त्याच वेळीं दुखूं लागलें. आम्ही गेलों.

मंद दिवे, शुभ्र आच्छादनें, आणि पंचांगाएवढी जाड पदार्थांची यादी! तींत भेंडीच्या भाजीपुढें किंमत छापली होती. सरंगा, शेवंड व खेकडा यांपुढें मात्र इंग्रजींत नुसतें 'आकारमानाप्रमाणें'. जेथें भाव तोंडीं विचारावा लागतो तेथें गिऱ्हाईक थोडें ओशाळतें, हा अनुभव शालूंच्या दुकानींही येतो. सुनेनें निःसंकोचपणें विचारला. उत्तरादाखल वेटरानें एक जिवंत खेकडाच आणून दाखविला. नांग्या दोरीनें बांधलेल्या, डोळे देठांवर हलणारे.

"कुलीर!" आमच्या तोंडून निघून गेलें.

"काय म्हणालांत, अण्णा?"

"कांहीं नाहीं. एका जुन्या शब्दाची ओळख पटली."

त्याच्याकडे आम्हांस फार वेळ पाहवलें नाहीं, हेंही सांगून टाकतों. लोणी, मिरें व लसूण यांत परतलेल्या खेकड्याची त्या भागांत मोठी ख्याति आहे, आणि चिरंजिवांचा डोळा त्यावरच होता.

मग बर्फावर मांडलेले तीन सरंगे आले. लोक ज्यास पापलेट म्हणतात तोच हा मासा. सुनेनें एकाशेजारीं आपला हात धरला. तळहाताबाहेर जेमतेम शेपटी जात होती.

"हीं पिल्लें आहेत. नकोत."

लहान सरंगाच मऊ लागतो, असें वेटर म्हणाला. "लागतो ना! म्हणून तर उरला नाहीं," ती म्हणाली. आमच्याकडे वळून पुढें सांगूं लागली, "अण्णा, लहान सरंगा घरांत आला तर आमची आजी कोळणीवर नव्हे, आणणारावर रागवायची."

तिच्याकडूनच कळलें कीं सरंगा घटत चालल्यामुळें 2023 सालीं महाराष्ट्र सरकारनें त्यास राज्यमासा ठरविलें, आणि 135 मिलिमीटरांहून लहान सरंगा धरूं नये असाही नियम झाला. पालघरकडील सातपाटीचे कोळी पिढ्यान्‌पिढ्या या माशावर जगत आले. बारीक आंसाच्या जाळ्यांत पिल्लेंही सांपडतात, आणि वाढण्यापूर्वींच बाजारांत येतात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांस समुद्रावर बंदी असते. ती मासळीच्या विणीस अवसर मिळावा म्हणूनच. पण दोन महिने राखलेलें पोर पुढें कोंवळेंपणींच ताटांत वाढावयाचें असेल, तर त्या राखण्याचा उपयोग काय? उंची उपाहारगृहानें तरी असा मासा गिऱ्हाइकापुढें धरूं नये, असें आमचें स्पष्ट मत झालें. 'आकारमानाप्रमाणें' हे शब्द यादींत होतेच. त्यांचा संबंध केवळ पैशांशीं होता.

तिनें तिरफळें घातलेलें बांगड्याचें तिखलें मागविलें. त्यापुढें किंमत छापलेली होती व ती बेताची होती. आम्हांस वरण, भात आणि सोलकढी मिळाली. सोलकढी उत्तम होती. नारळाच्या दुधांत आमसुलाचा रंग उषःकालासारखा दिसत होता.

कांटे-चमचे बाजूस सारून ती हातानें जेवूं लागली. दोन बोटांनीं तिनें बांगड्याचा मधला कांटा असा सोडविला कीं तो अखंड निघून ताटाच्या कडेस राहिला. मुलाबाळांस वाढतां वाढतां स्वतः घाईघाईनें दोन घांस गिळणारी ही मुलगी त्या दिवशीं सावकाश, कोणाकडे न पाहतां, बोटें चाटून जेवली. नऊ वर्षें आम्ही तिच्या हातचें जेवत आलों. तिला आवडीनें जेवतांना आम्हीं प्रथमच पाहिलें. सोलकढीचा दुसरा पेला आम्हीं मागविला तो बव्हंशीं खालीं पाहण्यास निमित्त हवें म्हणून.

घरीं पोहोंचलों तों कुटुंबाचें डोकें थांबलें होतें.

"फार वास आला का हो?"

"तिरफळांचा आला. चांगला होता."

थोडा वेळ शांततेंत गेला. मग त्यांनीं विचारलें, "गच्चीवरच्या खोलींतला स्टोव्ह अजून चालतो का?"

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं तो खालीं आणून साफ केला. पिन मिळेना, ती बाजारांतून आणावी लागली.