बारावीनंतर कुठे? सभासदांच्या मुलामुलींसाठी थोडी माहिती



बारावीचा निकाल लागला की गट ऑफिसात उसाच्या नोंदीपेक्षा पोरांच्या ॲडमिशनचीच चर्चा जास्त होते. "पोरगं पुण्यालाच जातो म्हणतंय, बिलातनं काही उचल मिळंल का?" हा प्रश्न ठरलेला. उचलीचे नंतर पाहू. पुण्याची गाडी धरण्यापूर्वी आपल्या कोल्हापूरभोवती काय आहे, ते एकदा नीट बघावे.

कोल्हापुरात राजाराम कॉलेज १८८० पासूनचे, तर शिवाजी विद्यापीठ १९६२ सालचे. कोल्हापूर, सांगली व सातारा जिल्ह्यांतली कॉलेजे या विद्यापीठाशी जोडलेली आहेत. म्हणजे तालुक्याच्या गावी बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. केले तरी पदवी त्याच विद्यापीठाची. त्यासाठी शहरात खोली घेऊन, मेस लावून राहण्याचे कारण नाही. एम.एस्सी.ला मात्र विद्यापीठात जावे. तिथली प्रयोगशाळा गावात मिळणार नाही.

इंजिनिअरिंगचे म्हणाल तर सांगलीचे वालचंद कॉलेज १९४७ चे आणि कराडचे सरकारी कॉलेज १९६० चे. दोन्हीकडे चांगले मार्क लागतात. पण ज्याला ते आहेत, त्याने पुण्यातल्या कुठल्याही खासगी कॉलेजापेक्षा इकडे आधी बघावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. कापडाच्या तंत्रासाठी इचलकरंजी आहे. वारणानगर व साखराळे येथील कॉलेजे तर आपल्यासारख्याच साखर कारखान्यांच्या परिसरात उभी राहिली.

मार्क कमी पडले म्हणून शेत गहाण ठेवून मॅनेजमेंट कोट्यातली जागा घेऊ नये. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा करून पोरगा थेट डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला बसू शकतो. डिप्लोमा म्हटले की आपली माणसे नाक मुरडतात. पण त्या पोराच्या हातात काम असते, आणि मध्येच घरची अडचण आली तरी रिकाम्या हाताने परत यावे लागत नाही.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे कृषी महाविद्यालय कोल्हापुरातच आहे. साखरधंद्यातच नोकरी हवी असेल, तर पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. तिथे साखर आणि मद्यार्क तंत्राचे अभ्यासक्रम चालतात. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्यांनी तिकडे जरूर चौकशी करावी. एवढ्यासाठी मात्र पुण्याची गाडी धरायला आमची हरकत नाही!

आता मुलींचे. "पोरीला एवढं शिकवून काय करायचं?" असे आता फारसे कोणी उघड म्हणत नाही. तरी पैशाची ओढाताण झाली की तिचेच कॉलेज आधी बंद होते. म्हणून हे नीट वाचावे. आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी व परीक्षा फी २०२४-२५ पासून पूर्ण माफ झाली आहे. मात्र प्रवेश सरकारी फेरीतूनच झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्याला आणि खासगी व अभिमत विद्यापीठांना ही सवलत नाही. मेस आणि वसतिगृहाचा खर्चही त्यात येत नाही. राहण्याची अडचण असेल तर कोल्हापुरातल्या वसतिगृहांत चौकशी करावी. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून इथे बोर्डिंगांना हात दिला, तो खेड्यातल्या पोरांसाठीच.

शेवटी कागदांचे, आणि घोडे अडते ते इथेच. उसाची नोंद वेळेवर केली नाही की तोड मागे पडते, हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. पण दाखल्यांसाठी आपण निकालानंतर तहसील कचेरीत रांगेत उभे राहतो! मार्क असूनही केवळ जात वैधता प्रमाणपत्र वेळेत न आल्याने जागा हातची जाते. त्याचा अर्ज कॉलेजमार्फत बारावीत असतानाच करावा. उत्पन्नाचा, रहिवासाचा आणि नॉन-क्रिमीलेअरचा दाखला उन्हाळ्यातच काढून ठेवावा. नॉन-क्रिमीलेअरची मुदत बघावी, जुना संपलेला असतो. वडिलांचे नाव सातबाऱ्यावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, असे ज्यांच्याकडे असेल, त्यांनी या महिन्यातच तलाठ्याला गाठावे.