तंतुकणिकांचा दवाखाना

स्टॉकहोममध्ये रॉल्फ लुफ्ट या अंतःस्रावतज्ज्ञाकडे एक स्त्री उपचारासाठी येत असे. खाणे भरपूर, तरी अंगावर मांस नाही. सतत घाम, सतत तहान. लक्षणे थायरॉइडची, पण थायरॉइड निर्दोष. स्वस्थ बसली असतानाही तिचे शरीर नेहमीच्या जवळजवळ दुप्पट इंधन जाळत होते. स्नायूचा तुकडा तपासल्यावर उलगडा झाला. तिच्या तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, अन्न झपाट्याने जाळत होत्या. पण त्या मानाने एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू, तयार होत नव्हते, ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जात होती. 1962 साली लुफ्ट आणि सहकाऱ्यांनी हे प्रसिद्ध केले. एखाद्या रोगाचे मूळ तंतुकणिकांत आहे हे रुग्णावरून प्रथमच दाखवले गेले. तो रोग पुढे अत्यंत दुर्मीळच राहिला. संशोधनाला दिशा मात्र देऊन गेला.

तंतुकणिकांना स्वतःचा डीएनए असतो आणि तो आईकडून येतो. 1981 साली केंब्रिजमध्ये त्याची संपूर्ण संहिता वाचली गेली: 16,569 अक्षरे, अवघी 37 जनुके. 1988 साली लंडनमध्ये इयन होल्ट, अनिता हार्डिंग आणि जॉन मॉर्गन-ह्यूज यांना स्नायुविकाराच्या रुग्णांत या डीएनएचे तुकडेच गळालेले आढळले. त्याच वर्षी अमेरिकेत डग्लस वॉलेस यांनी ऐन तारुण्यात दृष्टी हिरावणाऱ्या लेबरच्या विकारामागचे एक चुकलेले अक्षर दाखवून दिले. एकाच पेशीत चांगला आणि बिघडलेला असा दोन्ही डीएनए कमी-अधिक प्रमाणात नांदू शकतो. म्हणून 3243 क्रमांकाच्या अक्षरातला तोच बिघाड एकाच घरात कुणाला मधुमेह आणि बहिरेपण देतो, तर कुणाला तरुणपणी पक्षाघातासारखे झटके. डॉक्टरांची त्रेधा उडते ती इथेच.

हे दुर्मीळ आजारांचे झाले. नेहमीच्या आजारांचे खापर तंतुकणिकांवर फोडण्याची घाई मात्र अनेकदा अंगाशी आली आहे. पार्किन्सनचेच घ्या. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी भेसळीच्या अमली पदार्थामुळे पार्किन्सनच्या रुग्णांसारखे अचानक ताठरले. त्यातले विष तंतुकणिकांतल्या श्वसनसाखळीची पहिली कडीच बंद पाडत होते. धागा सापडला म्हणून 2002 साली पार्किन्सनच्या 80 रुग्णांना त्याच साखळीतले कोएन्झाइम क्यू-10 देऊन पाहिले, निकाल आशादायक वाटला. पुढे 600 रुग्णांच्या मोठ्या चाचणीत त्या गोळीचा काहीही उपयोग दिसला नाही. औषधाच्या दुकानात ती अजून ‘ऊर्जे’साठी दिमाखात मांडलेली असते, हा भाग निराळा.

मधुमेहाची कथा आपल्या जास्त जवळची. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2004 साली मधुमेही आईबापांची सडपातळ, धडधाकट मुले तपासली. त्यांचे स्नायू इन्सुलिनला दाद देत नव्हते आणि तंतुकणिकांचे काम सुमारे 30 टक्क्यांनी कमी होते. झाले, कारण सापडले असे वाटू लागले. मग 2008 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये श्रीकुमारन नायर यांच्या गटाने तिथल्या भारतीयांची उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांशी तुलना केली. भारतीयांचे स्नायू इन्सुलिनला कमी दाद देत होते, पण त्यांच्या तंतुकणिकांची एटीपी बनवण्याची क्षमता चक्क जास्त होती! मधुमेह असो वा नसो. म्हणजे इन्सुलिनला दाद न देण्याचे कारण निदान आपल्याकडे तरी मंदावलेल्या तंतुकणिका नव्हेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयात चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलेले बाळ इथे आठवते: सरासरी 2.7 किलोचे, दिसायला किरकोळ, पण स्नायू कमी आणि चरबी मात्र राखून असलेले. युरोपीय शरीरावर बेतलेले सिद्धान्त आपल्या शरीरांवर पुन्हा तपासून घ्यायला हवेत, असे मला या दोन्ही कामांवरून ठामपणे वाटते.

सर्वांत धाडसी प्रयोग झाला इंग्लंडमध्ये. 2015 साली तिथल्या संसदेने परवानगी दिली आणि आईचा बिघडलेला डीएनए बाळाकडे जाऊ नये म्हणून न्यूकॅसलच्या डॉक्टरांनी आईबापांचे केंद्रकीय जनुकद्रव्य दुसऱ्या स्त्रीच्या निरोगी तंतुकणिका असलेल्या बीजांडात हलवले. 2025 साली 7 स्त्रियांना झालेल्या 8 बाळांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. 5 बाळांत बिघडलेला डीएनए सापडलाच नाही. उरलेल्या तिघांत तो थोडासा होता, रोग उद्‌भवण्याच्या पातळीच्या बराच खाली. ‘तीन पालकांची मुले’ हा मथळा वर्तमानपत्रांना आवडतो, पण दात्रीचा वाटा त्या 37 जनुकांपुरताच असतो. या मुलांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे लागेल.

औषधांची यादी तोकडी आहे. बार्थ सिंड्रोम या तंतुकणिकांच्या दुर्मीळ विकारासाठी एलामिप्रेटाइडला अमेरिकेने 2025 साली मान्यता दिली. तंतुकणिकांच्या बिघाडाने होणाऱ्या स्नायुविकाराच्या मोठ्या चाचणीत मात्र तेच औषध अपयशी ठरले होते.

त्या मानाने मँचेस्टरमधले एक काम साधे आणि लगेच उपयोगी पडणारे. तंतुकणिकांच्या डीएनएतले 1555 क्रमांकाचे अक्षर बदललेले असेल, तर जेंटामायसिनसारखे प्रतिजैविक कायमचे बहिरेपण देऊ शकते. जंतुसंसर्ग झालेल्या नवजात बाळाला पहिला डोस तासाभरात द्यावा लागतो. नेहमीच्या जनुक-तपासणीला दिवस लागतात. मँचेस्टरच्या डॉक्टरांनी गालातून घेतलेल्या नमुन्यावर 26 मिनिटांत उत्तर देणारे यंत्र वापरून पाहिले आणि त्या अभ्यासात 751 बाळांना घेतले. तिघांत तो बदल सापडला आणि त्यांना वेगळे औषध देता आले. आपल्याकडच्या नवजात कक्षांतही जेंटामायसिन सर्रास दिले जाते. शिवाय बाळात हा बदल सापडला, की आई, भावंडे, मामा, मावशी, मावसभावंडे या साऱ्यांच्या केसपेपरवर त्या औषधाबद्दल लाल शाईने लिहून ठेवता येते.