भारतरत्नसाठी नाव सुचवता येतं का? जाणून घ्या नियम

वालूर (ता. सेलू, जि. परभणी) : गावातल्या कर्तबगार माणसाचं नाव पद्म पुरस्कारासाठी कुणीही ऑनलाइन सुचवू शकतं. भारतरत्नसाठी मात्र अर्जच नसतो.

निवड कोण करतं?
पंतप्रधान थेट राष्ट्रपतींकडे शिफारस करतात.

काय मिळतं?
राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि पिंपळपानाच्या आकाराचं पदक. रोख रक्कम नाही.

नावाआधी लावता येतं?
नाही. राज्यघटनेच्या कलम १८(१)मुळे किताब म्हणून वापर करता येत नाही.

आपल्या भागात कुणाला मिळाला?
नानाजी देशमुख यांना. जन्म १९१६, कडोळी. हे गाव पूर्वी परभणी जिल्ह्यात होतं, १९९९पासून हिंगोलीत आहे. नानाजींचं निधन २०१०मध्ये झालं. सन्मान मरणोत्तर, २०१९मध्ये. पद्मसाठी मात्र वाट कशाला पाहायची? मोबाइल हातातच आहे.