पंधराव्या वर्षाची वेस

कुर्डुवाडीला स्वतःच्या नावाचा दाखला मागितला तर तिची पंचाईत होईल. 1897 साली बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची गाडी इथून बार्शीकडे धावू लागली, तेव्हा मोठ्या लाइनीवरच्या या स्टेशनाचं नाव कागदोपत्री ‘बार्शी रोड’ होतं. बार्शी इथून पस्तीस किलोमीटरवर, पण पाटी तिच्या नावाची. पुढे पाटी बदलली, तर इंग्रजी स्पेलिंगचा घोळ सुरू झाला. कोणी ‘व्ही’ लिहितं, कोणी ‘डब्ल्यू’. रेल्वेनं स्टेशनाला जी सांकेतिक अक्षरं दिली, त्यांत दोन्ही आहेत: केडब्ल्यूव्ही.

गावाला हे चालून जातं. गावाला सरहद्द ओलांडायची नसते. माणसाला असते, आणि तो माणूस पंधरा-सोळा वर्षांचा असेल तर एका अक्षराचा फरकही आडवा येतो.

समजा, इथल्या रेल्वे क्वार्टर्समधली एक मुलगी आहे. दहावीत शिकते. आईचं पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून जन्माची नोंद बार्शी नगरपरिषदेत. वडील आधी दौंडला होते, म्हणून पहिली ते चौथी दौंडची शाळा, मग बदली झाली आणि कुर्डुवाडीची. आजीला यात्रा कंपनीबरोबर काठमांडूला जाऊन पशुपतिनाथाचं दर्शन घ्यायचं आहे आणि सोबतीला नात हवी आहे. आजी सत्तरीची. नातीला कोणते कागद लागतील?

घरातले म्हणणार, नेपाळला काय लागतंय, आधार घेऊन जा. आजीच्या बाबतीत ते बरोबर आहे, नातीच्या बाबतीत चूक. भारत आणि नेपाळ यांच्यात 31 जुलै 1950 च्या मैत्री करारापासून एकमेकांच्या नागरिकांना व्हिसा नाही. पण ओळख पटवावी लागते, आणि ती वयानुसार वेगवेगळी. पासष्टच्या वरच्यांना आणि पंधराच्या खालच्यांना आधार, रेशनकार्ड असे फोटो असलेले कागद चालतात. केंद्रीय गृहमंत्रालयानं जानेवारी 2019 मध्ये आधारबद्दल तसा खुलासाच केला. मधल्या सगळ्यांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं, त्यांना आधार पुरत नाही. आता मतदार ओळखपत्र अठरा पुरी झाल्याशिवाय निघत नाही आणि आपल्याकडे बहुतेक घरांत मुलांचे पासपोर्ट नसतात. म्हणजे पंधरा ते अठरा हा तीन वर्षांचा पट्टा मोकळाच राहतो.

तो भरून काढायला नियमात जी सोय आहे, ती मला या सगळ्या किचकट प्रकरणातली सर्वांत गोड गोष्ट वाटते. या वयाच्या मुलांना शाळेच्या मुख्याध्यापकांनी ठरावीक नमुन्यात दिलेल्या ओळखीच्या प्रमाणपत्रावर नेपाळला जाता येतं. एरवी ज्या हेडमास्तरांची सही बसच्या पाससाठी आणि शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी लागते, तीच सही नेपाळच्या सरहद्दीवरच्या सोनौली नाक्यावर दुसऱ्या देशाचं दार उघडते. आईवडील आणि मुलं एकत्र जात असतील तर आणखी सवलत आहे: एका मोठ्या माणसाकडे मान्य कागद असला की बाकीच्यांना फोटो आणि नातं दाखवणारा पुरावा पुरतो, त्यात शाळेचं ओळखपत्रही येतं. पण ही सवलत सांगताना नियमात नवरा, बायको, अज्ञान मुलं आणि आईवडील अशी नाती मोजली आहेत. आजी आणि नात अशी जोडी तीत बसवण्याचा प्रयोग सरहद्दीवर करू नये, मुख्याध्यापकांचा कागद घेऊन निघावं. भूतानची तऱ्हा निराळी आहे. तिथे अठराच्या आतल्या मुलाकडे पासपोर्ट नसेल तर मूळ जन्मदाखला लागतो आणि सोबत पालक. कैलास-मानसरोवरची तर आशाच सोडावी. त्या यात्रेला पासपोर्ट लागतोच, शिवाय त्या वर्षीच्या 1 जानेवारीला अठरा पूर्ण असावी लागतात.

कागदांचं हे जंगल पहिल्यापासूनचं नव्हतं. 7 एप्रिल 1883 रोजी आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून जहाजावर चढल्या, तेव्हा त्यांना अठरा पूर्ण होऊन जेमतेम आठवडा झाला होता. जन्म 31 मार्च 1865 चा. जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या. पासपोर्टची सक्ती तेव्हा तिकडेही नव्हती आणि इकडेही. त्यांना अडवणारे होते ते समाजवाले. सरकारी खिडकी कुठेच आडवी आली नाही. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत उभं राहून आपण एकटीनं अमेरिकेला का जातो हे त्या मुलीला लोकांना समजावून सांगावं लागलं. त्यांचे पती गोपाळराव पोस्टात नोकरीला होते. आज आपल्याकडे पासपोर्टची कामं पोस्टातही होतात, हे गोपाळरावांना कळलं असतं तर त्यांनी काय शेरा मारला असता कोण जाणे.

दार बंद झालं ते पहिल्या महायुद्धात. हेरांच्या भीतीनं देशोदेशींच्या सरकारांनी पासपोर्ट सक्तीचे केले, युद्ध संपलं तरी सक्ती उरली, आणि हिंदुस्थानात 1920 चा कायदा आला. पासपोर्ट देणं न देणं ही मात्र सरकारची मर्जी होती. 1938 साली सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्यातल्या डॉ. रणेन सेन यांना इंग्रज सरकारनं पासपोर्ट नाकारला आणि त्यांच्या जागी डॉ. विजयकुमार बसू गेले. स्वातंत्र्यानंतरही ही मर्जी वीस वर्षं टिकली, याचं नवल वाटतं. 10 एप्रिल 1967 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सतवंतसिंग साहनी खटल्यात परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरवला, तेव्हा सरकारची धावपळ झाली. आधी अध्यादेश, मग 24 जून 1967 चा पासपोर्ट कायदा. आज मुलीला पासपोर्ट नाकारायचा तर अधिकाऱ्याला त्या कायद्यातलं कारण लेखी द्यावं लागतं.

आता पासपोर्टाकडे. कुर्डुवाडीचा सोलापूर जिल्हा पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतो. एके काळी प्रत्येक कागदासाठी पुणं गाठावं लागे. 25 जानेवारी 2017 ला म्हैसूर आणि दाहोद इथे पोस्टातली पहिली पासपोर्ट सेवा केंद्रं उघडली, मग ती जिल्ह्याजिल्ह्यात पसरली. कुर्डुवाडीहून सोलापूर सुमारे ऐंशी किलोमीटर, सकाळच्या गाडीनं जाऊन संध्याकाळी परत येण्याजोगं.

अर्ज ऑनलाइन भरायचा, फी भरायची, तारीख घ्यायची, मूळ कागद घेऊन जायचं. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. ज्याकडे फारसं कोणी लक्ष देत नाही, ती गोष्ट वेगळी. अज्ञान मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा अठरा पुरी होईपर्यंतचा, यांतलं जे आधी येईल तेवढाच असतो. फी हजार रुपये. पण पंधरा पूर्ण झाली की पूर्ण दहा वर्षांचा पासपोर्ट मागता येतो, फी दीड हजार. पाचशे रुपये वाचवायला सोळाव्या वर्षी पहिला पर्याय घेतला तर पुस्तिका दोन वर्षांत मरते.

हे पाचशे रुपये नंतर कसे महागात पडतात ते वैद्यकीय शिक्षणासाठी बाहेर जाणाऱ्या मुलांकडे पाहिलं की कळतं. रशिया, जॉर्जिया, कझाकस्तान, किर्गिझस्तान ही नावं आता तालुक्याच्या गावातही सहज कानावर पडतात. नीटसाठी प्रवेशाच्या वर्षीच्या 31 डिसेंबरला सतरा पूर्ण लागतात, म्हणजे अठरा न भरलेलं पोर विमानात बसू शकतं. पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक असावी असा बहुतेक देशांचा आग्रह असतो. ज्याचा पासपोर्ट चार महिन्यांत, अठराव्या वाढदिवशी संपणार, त्याच्या हातात प्रवेशपत्र असूनही व्हिसा अडतो. मग तत्काळ, मग जादा दोन हजार, मग एजंटाचे फोन.

पण खरा गुंता पासपोर्टात नसतोच, तो त्याच्या आधीच्या कागदांत असतो. जन्मतारखेच्या पुराव्याचा नियम गेल्या पस्तीसेक वर्षांत पुढेमागे झाला. 26 जानेवारी 1989 नंतर जन्मलेल्यांना जन्मदाखलाच हवा, असा दंडक बरीच वर्षं होता. डिसेंबर 2016 मध्ये तो सैल झाला: शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पॅन असे पर्याय आले. 2025 च्या दुरुस्तीनं 1 ऑक्टोबर 2023 ला किंवा नंतर जन्मलेल्यांसाठी पुन्हा जन्मदाखला आणि फक्त जन्मदाखला. आपली दहावीतली मुलगी मधल्या पिढीतली, तिला पर्याय आहेत. पर्याय असले की कागद एकमेकांशी भांडतात.

आजोबांच्या पिढीत भांडणच नव्हतं, कारण अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस 1 जूनला असे. पोरगं शाळेत घालायला आलेल्या बापाला तारीख आठवत नसे, गुरुजी उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागतो का बघत आणि शाळा सुरू होण्याच्या हिशोबानं 1 जून टाकून मोकळे होत. आताच्या मुलांच्या तारखा खऱ्या असतात, गडबड नावांत होते. जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग, दौंडच्या टीसीवर दुसरं, आधारवाल्यानं टाइप केलेलं तिसरं. आडनाव आधी की शेवटी, हाही प्रश्न. मराठी माणूस शाळेत आडनावानं सुरू होतो आणि लग्नपत्रिकेत आडनावानं संपतो. पासपोर्टात दोनच रकाने: आडनाव आणि दिलेलं नाव. वडिलांचं नाव दुसऱ्या रकान्यात मुलाच्या नावाला चिकटतं. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचंही नाव आलं आहे. ही मुलं पंधराची होतील तेव्हा तो रकाना लांबीला पुरेल का, हे बघायला हवं.

चूक शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये असेल तर ती मूल शाळेत असेपर्यंतच दुरुस्त करून घ्यावी. शाळा सोडल्यावर त्या रजिस्टरला हात लावणं माध्यमिक शाळा संहितेनं फार अवघड करून ठेवलं आहे. आणि दहावीच्या बोर्डाच्या प्रमाणपत्रावर ती चूक एकदा छापली गेली की जन्मभराची सोबत.

संमतीचा भाग घरोघरी वेगळा, त्यामुळे थोडक्यात. अज्ञान मुलाच्या अर्जाला ‘परिशिष्ट ड’ म्हणजे दोन्ही पालकांचं घोषणापत्र लागतं, एकाचीच संमती मिळत असेल तर ‘परिशिष्ट क’. डिसेंबर 2016 पासून ही परिशिष्टं साध्या कागदावर चालतात, नोटरीची गरज नाही, आणि एकट्या पालकाचं नाव दिलं तरी अर्ज घेतला जातो. एकट्या आईनं वाढवलेल्या मुलांसाठी हा बदल फार मोलाचा आहे. पण हे झालं आपल्या देशातून निघायचं. समोरचा देशही विचारतो की पोर कोणाच्या परवानगीनं आलं. युरोपातल्या शेंगेन देशांच्या व्हिसाला अज्ञान मुलाच्या पालकांच्या सह्या लागतात. दक्षिण आफ्रिकेनं 2015 मध्ये आईवडील दोघांची नावं असलेला जन्मदाखला सक्तीचा केला, पर्यटक घटल्याची ओरड झाली, 2019 मध्ये नियम सैल केला. एका पालकानं दुसऱ्याला न सांगता मूल परदेशी नेण्याचे प्रकार हे या कडकपणाचं एक कारण. त्यासाठी 1980 चा हेग करार आहे, भारत त्यात नाही. म्हणून मूल एका पालकाबरोबर किंवा शाळेच्या सहलीबरोबर जात असेल तर दुसऱ्याचं इंग्रजीतलं, फोन नंबर असलेलं संमतीपत्र सोबत ठेवावं, कोणी मागो न मागो.

कुर्डुवाडी ज्या माढा तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात परितेवाडी आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 चं ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं. त्यांच्या एका उपक्रमाचं नावच सरहद्दी ओलांडण्याचं आहे: भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन अशा एकमेकांशी वैर असलेल्या देशांतली मुलं त्यात पडद्यावर एकमेकांशी बोलली. कोणालाही कागद लागला नाही.

प्रत्यक्ष जायचं तर लागतो, आणि त्या सगळ्या कागदांना पंधरावं वर्ष फार प्रिय दिसतं. आधारचे ठसे पंधराव्या वर्षी पुन्हा द्यावे लागतात. दहा वर्षांचा पासपोर्ट पंधरापासून. नेपाळचा नियम पंधराला बदलतो. आणि चौथी गोष्ट, जी बहुतेक घरांत कोणी पाहिलेलीच नसते. दवाखाना जन्माची माहिती बारशाआधीच कळवून टाकतो, त्यामुळे कित्येक जन्मदाखल्यांवर बाळाच्या नावाचा रकाना कोरा राहतो. जन्म-मृत्यू नोंदणीच्या नियमांप्रमाणे ते नाव नोंदणीपासून पंधरा वर्षांच्या आतच घालता येतं. जुन्या नोंदींसाठी सरकारनं मुदत वाढवून दिली होती, पण त्या भरवशावर राहू नये.

तेव्हा घरात चौदा वर्षांचं पोर असेल तर एवढं करा. दिवाळीच्या फराळाचे डबे कपाटात ठेवाल तेव्हा त्याच कपाटातली कागदांची पिशवी बाहेर काढा आणि जन्मदाखल्यावर नावाचा रकाना भरलेला आहे का बघा. कोरा असेल तर ज्या गावात जन्म झाला त्या गावच्या नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत जावं लागेल. भाऊबीजेला माहेरी जाणारच असाल, तर पिशवी सोबत न्या आणि कार्यालय उघडेपर्यंत एक दिवस जास्त राहा.